भिंतीला सुटलेलं पोट

मालवणकडच्या जुन्या कौलारू घराला धुराडं नसतं, कारण आख्खं घरच धुराडं असतं. चुलीत ओल्या चुडत्या घातल्या की धूर आधी रांधणारीच्या डोळ्यांत जातो. तिथलं काम आटोपलं की वाशांकडे निघतो, माळ्यावर टांगलेल्या बियाण्याची विचारपूस करतो आणि मग मंगळुरी कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडतो. गावात पहिल्यांदाच आलेला पाहुणा सकाळी तोंड धुवायला खळ्यात येतो, छपरातून सगळीकडून धूर निघताना बघतो आणि "आग! आग!" म्हणून ओरडतो. आतून आवाज येतो, "चाय व्हयी काय?"

ही कौलं बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढून पाडायला घेतली. हळूहळू ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली आणि घरोघरचे नळे उतरले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आत येऊ द्यायचा नाही, पण धूर बाहेर जाऊ द्यायचा, अशी दुहेरी नोकरी हे कौल गेली दीडशे वर्षं करतंय. धुराच्या वाट्यालाही कामं कमी नव्हती. वाशांना भुंगा लागू द्यायचा नाही. वाळवीला वर सरकू द्यायचं नाही. श्रावणात ऊन नसताना सोलं सादळू द्यायची नाहीत. चुलीवरच्या शिंक्यातल्या सुक्या बांगड्याला किडीपासून सांभाळायचं. एवढं सगळं बिनपगारी. चुलीपुढे बसून फुंकणी फुंकणाऱ्या बाईलाही पगार नव्हता, त्यामुळे धुराने कधी कुरकुर केली नसावी.

तिकडे विलायतेत धुराचे लाड फार. थंडीच्या देशात शेकोटी दिवाणखान्यात असायची, आणि कोळशाचा धूर दिवाणखान्यात ठेवून पाहुण्यांशी बोलता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी भिंतीतूनच वर जाणारा रस्ता बांधत. त्या रस्त्याला जागा द्यायला भिंत खोलीत हात-दीड हात पुढे येते. सोफ्यावर बसून बघितलं तर भिंतीला पोट सुटलंय असं वाटतं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला तर या शेकोट्यांत उत्पन्न दिसलं. त्याच्या सरकारने 1662 मध्ये दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. कर गोळा करणारा घरात घुसून शेकोट्या मोजायचा, त्यामुळे लोक शेकोट्या बुजवायला लागले. शेवटी 1689 मध्ये तो कर गेला. आमच्याकडे असा कर बसला असता तर लोकांनी चूल मांगरात नेऊन वर गवत टाकलं असतं, आणि मोजायला आलेल्या माणसाला जेवू घालून परत पाठवला असता.

पुढे 1952 च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धूर आणि धुकं एकत्र ठाण मांडून बसलं. हजारो माणसं दगावली. 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, मग घर गरम ठेवणारे गरम पाण्याचे नळ आले, आणि शेकोट्या विझल्या. शेकोटी विझली तरी पोट राहिलं. ते पाडायचं तर वरच्या मजल्यावरच्या धुराड्याचा भार कशावर ठेवायचा हा प्रश्न येतो. म्हणून तिथले लोक ते सजवतात. गडद रंग लावतात, वर आरसा टांगतात, खाली भोकात मेणबत्त्या ठेवतात, दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत फळ्या मारून पुस्तकं लावतात.

हे मला कळलं ते माझ्या चुलत पुतणीमुळे. ती रेडिंगला असते. घर राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, भिंतीला व्यवस्थित पोट. तिने उजव्या कोनाड्यात देवघर केलंय आणि दीड दिवसाचा गणपती थेट शेकोटीच्या जागेत बसवते. कापूर पेटवला की धूर सरळ वर निघून जातो आणि छताला लावलेली आगीची घंटी बोंबलत नाही. लाखो पौंड घालून घेतलेल्या घराचा हा तिच्या मते सगळ्यात मोठा गुण. तिने त्या सजावटीचा फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि पाच हजार मैलांवर मालवणात एका भिंतीचे दिवस भरले.

पुतणीचा बाप म्हणजे आमचा भाई. त्याने त्याच सुमारास जुन्या घराचं न्याहारी-निवास करायला घेतलं होतं. सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक चुलत भावाच्या मनात एक दोन खोल्यांचं हॉटेल असतं. तारकर्ली-देवबागला तर घर मोजायचं की हॉटेल हे खानेसुमारीवाल्यालाच विचारावं. झोपाळा सगळ्यांकडे. माडाला बांधलेली जाळी सगळ्यांकडे. ‘चुलीवरचे जेवण’ ही पाटी तर जिथे गॅसच्या दोन शेगड्या दारातून दिसतात तिथेही. स्कुबाला नेणारा भाचा प्रत्येकाचा स्वतःचा. भाईला असं काही हवं होतं जे चिवल्यापासून देवबागच्या टोकापर्यंत कुणाकडे नाही. भिंतीचं पोट कुणाकडेच नव्हतं.

वास्तविक ज्याची ही कल्पना, तो साहेब इथे येऊन गेला होता. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं. नाव टिकलं नाही. शेकोटीची सवयही त्यांनी मालवणात कुणाला लावल्याचं दिसत नाही. या किनाऱ्यावर ज्याला घाम पुसायलाच हात पुरत नाहीत, तो शेकोटीसाठी तिसरा हात कुठून आणणार? शेकोटीची हौस ते महाबळेश्वरला जाऊन भागवत. तिथल्या जुन्या बंगल्यांत अजून धुराडी दिसतात.

पण इतिहास आड आला म्हणून बांधकाम थांबवणं कोकणी स्वभावात बसत नाही. भाईने कोल्हापूरहून एक इंटेरिअरवाला आणला. त्याने घर बघितलं, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि पहिली सूचना केली की गिलावा काढून टाकायचा, आतला चिरा उघडा ठेवायचा. नॅचरल लूक. इथे मला आजोबांची आठवण झाली. त्यांच्या काळी चिरा उघडा राहणं म्हणजे पैसे संपल्याची जाहीर कबुली. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरी साठवून त्यांनी भिंतींना गिलावा केला, वर चुना दिला, आणि त्यानंतर दोन वर्षं ते गावात जरा ताठ चालत असं म्हणतात. आता नातवाने तोच गिलावा छिनीने काढायला चौरस फुटाच्या दराने पैसे मोजले. पहिल्या पावसात उघडा चिरा पाणी पिणार हे गवंड्याने सांगितलं. इंटेरिअरवाला म्हणाला, त्याला पारदर्शक लेप असतो. गवंडी म्हणाला, "गिलावो म्हणजे लेपच ना?" या प्रश्नाचं उत्तर इंटेरिअरवाल्याने फोन घेऊन दिलं.

मग पोटाचा विषय निघाला. गवंडी आमच्याच वाडीतला, तीन पिढ्यांचा चिरेबंदी कामाचा माणूस. त्याने फोटो नीट बघितला.

"हेच्यातसून धूर जातलो?"

"नाय," भाई म्हणाला.

"मगे पाणी?"

"नाय."

"मगे हेच्यातसून जातला काय?"

"कायच जावचा नाय. शो असा तो."

गवंडी बराच वेळ गप्प राहिला. ज्यातून काहीच जात नाही अशी पोकळ वस्तू त्याने आयुष्यात बांधली नव्हती. मग त्याने धंद्याचा विचार केला आणि सांगितलं की चिऱ्यात करायचं तर खाली पाया घालावा लागेल, कारण शो असला तरी चिऱ्याला त्याची कल्पना नसते, तो आपल्या पूर्ण वजनाने बसतो. प्लायवुडमध्ये केलं तर वाळवी गृहप्रवेश करील. शेवटी सिमेंटच्या पातळ पत्र्यांचा सांगाडा उभा करायचं ठरलं.

काम सुरू झालं आणि वाडी बघायला आली. इकडे कुणी घराला खिडकी जरी नवीन पाडली तरी लोक येतात. ही तर भिंतीपुढे भिंत होती. एकाने विचारलं, आत विजेचा मीटर बसवणार काय. दुसऱ्याने जिना असल्याचं ताडलं आणि तो वर कुठे निघतो ते बघायला माळ्यावर चढला. तिसरा काही बोलला नाही, नुसता हसला, आणि संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी झाली की भाईने आंबा-काजूचे पैसे भिंतीत चिणले. त्या बातमीने भाईची पत बरीच वाढली. बँकेच्या माणसाने आपण होऊन फोन केला.

याच धांदलीत स्वयंपाकघरात खरी चिमणी आली. खरी म्हणजे विजेची, शेगडीवर बसवायची. तिच्या खोक्यावर लिहिलं होतं की ती तासाला 1200 घनमीटर हवा ओढते. हिशोब केला. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशी खोली घेतली तर तिच्यात साधारण 28 घनमीटर हवा मावते. म्हणजे हे यंत्र दर दीड मिनिटाला खोलीतली सगळी हवा बदलणार. पण हा हिशोब बंद खोलीचा. आमच्या स्वयंपाकघराला छत नाही, वर थेट कौलं. ती चिमणी स्वयंपाकघरातली हवा ओढणार, तिच्या जागी कौलांच्या फटींतून गावातली हवा येणार, आणि एकूण मालवण तालुक्याची हवा बदलल्याशिवाय तिचं समाधान होणार नाही. शिवाय तिच्या नळीसाठी दीड फूट जाडीच्या भिंतीला भोक पाडावं लागलं. पावसात नैऋत्येचा वारा सुटला की तो त्याच भोकातून आत येतो, आणि गेलेला वास परत आणून देतो.

भाईची आई, म्हणजे आमची मोठी काकी, हे यंत्र लावायला देत नाही. तिचं म्हणणं साधं आहे. बांगडा तव्यावर टाकला की तो आवाजाने सांगतो, आता उलट. तिखलं शिजलं की वास सांगतो, आता कोकम घाल. यंत्र चालू केलं की आवाज ऐकू येत नाही आणि वास तेच खाऊन टाकतं. मग जेवण करायचं कुणाला विचारून? मला तिचं पटतं. त्यामुळे विजेच्या चिमणीच्या डोक्यावर सध्या मसाल्याचे डबे आहेत, आणि तिच्या काचेवर देवस्थानाच्या कॅलेंडरची दोरी अडकवलेली आहे. एकदाच, पाहुण्यांना दाखवायला म्हणून, भाईने ती लावली. तळल्या बांगड्याचा वास नळीतून थेट रस्त्यावर गेला. दहा मिनिटांत दारात दोन मांजरं आणि सांगलीचं एक कुटुंब उभं होतं. कुटुंब मुक्कामाला राहिलं. त्या यंत्राची किंमत तेवढ्यापुरती वसूल झाली असं मी मानतो.

काकीला गॅस उशिरा मिळाला. सरकारने 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना काढली, त्याच्या थोडा आधी तिच्याकडे सिलिंडर आला होता. तारीख सांगायचं कारण एवढंच की आमचा जिल्हाही रत्नागिरीतून वेगळा झाला तो 1 मेलाच, 1981 मध्ये. या तारखेला आम्हाला काही ना काही मिळतं. सिलिंडर आल्यावर काकीने चूल मोडली नाही, पण तिच्याकडे ढुंकून बघणं सोडलं. डोळ्यांतलं पाणी थांबलं, खोकला कमी झाला. आणि नेमकी तेव्हाच मुंबई-पुण्याहून माणसं यायला लागली, ज्यांना तीच चूल हवी होती. लांबून, मोबाइलमध्ये मावेल अशी.

पोट उभं राहिलं. आता रंग. इंटेरिअरवाल्याने पट्ट्यांचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. कोळशाचा काळा. चारकोल. मॅट. सगळ्या जगात आता हाच चालतो म्हणाला. काकी सुपारी कातरत कोपऱ्यात बसली होती. तिने मान वर केली.

"काळी भित व्हयी तुमका?"

"हो आज्जी, एकदम रिच दिसते."

"माझ्या चुलीमागची भित पन्नास वर्सां काळीच होती. तेवां कोण फोटो काढूक इलो नाय."

अडकित्ता पुन्हा चालू झाला. इंटेरिअरवाल्याला तिचं बोलणं अर्धं समजलं आणि त्याने ते कौतुक म्हणून घेतलं. भिंत काळी झाली. विकतची काजळी लिटरच्या हिशोबाने येते, आणि तिचे दोन हात द्यावे लागतात. काकीची एका हातात बसायची, दर दसऱ्याला खरवडूनही जायची नाही.

मग सजावट. इथे मात्र भाईला दाद द्यायला हवी. त्याने बाहेरचं काही आणलं नाही. वरच्या फळीवर सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं ठेवली. तिथलीच गंजिफाची गोल पानं चौकटीत लावली. मध्यभागी पिंगुळीच्या चित्रकथीचं एक पान लावलं. ठाकर समाजाची ही कला, चित्रांची पोथी समोर धरून कथा सांगायची. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हापासून ती भिंतीवर लावायची इभ्रत वाढली. त्याआधी तीच चित्रं तिथे घरातल्या पेटाऱ्यात असत आणि पर्यटक त्यांच्यासमोरून गोव्याला जात.

भोकात जाळ हवा होता. ऑनलाइन मागवला. एक पंखा, एक नारिंगी फडकं, खाली दिवे. पंखा लावला की फडकं ज्वाळेसारखं हलतं. मे महिन्यात पहिलं कुटुंब आलं. बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा. त्यांनी वातानुकूलन वीसवर ठेवायला लावलं, मग नारिंगी फडक्यापुढे मांडी घालून हात शेकत फोटो काढले, आणि मग कोकम सरबतात बर्फ जास्त घालायला सांगितला. नेमकं काय तापवायचं आणि काय थंड करायचं यावर त्यांचं पूर्ण एकमत होतं.

खरी अडचण चतुर्थीच्या आधी आली. आमच्याकडे सजवायची भिंत म्हणजे गणपतीच्या पाठची. गावचा चित्रकार येतो, ती भिंत रंगवतो, दरवर्षी नवा प्रसंग. कधी शेषशायी, कधी कालियामर्दन, कधी रामसेतू, ज्यात एखादं वानर हटकून वाडीतल्या कुणासारखं दिसतं. वर माटवी बांधतात, तिला कवंडळं, नारळ, आंब्याचे टाळे. घरातला खर्च कितीही कमी करायचा झाला तरी या भिंतीला हात लावत नाहीत. आता फ्लेक्स छापून लावणारेही झालेत, पण त्यांच्या घरी आरतीला लोक जरा घाईत असतात.

भाईच्या मनात गणपती नव्या पोटापुढे बसवायचा होता. रेडिंगला बसतो, मग इथे का नको? भावकी जमली. गणपतीची जागा बदलायची नाही, हा आमच्या घराण्यातला एकच मुद्दा ज्यावर सगळे भाऊ एका बाजूला होतात. एरवी ते वहिवाटीच्या बावीवरून कोर्टात असतात. जागा जुनीच ठरली. पण चित्रकार आला तेव्हा त्याची नजर काळ्या भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली. एवढी मोठी, गुळगुळीत, मोकळी भिंत त्याला जिल्ह्यात मिळाली नव्हती. म्हणाला, हिच्यावर गरुडावर बसलेला विष्णू काय सुंदर उठेल, पार्श्वभूमीला रात्रही आयती आहे. भाईने सांगितलं, ती तशीच काळी ठेवायची आहे. चित्रकाराने विचारलं, "सुतक असा काय?"

हे सगळं पार पडलं. राहिली ती लाकडांची गोष्ट, चतुर्थीच्या आधीची. नारिंगी फडकं हलतं ठीक, पण खाली लाकडं दिसली पाहिजेत असं इंटेरिअरवाल्याने जाताना बजावलं होतं. फणसाची, सारख्या जाडीची, गोल कापलेली, रंधा मारून तेल लावलेली ओंडकी भाईने मुद्दाम करवून घेतली. ती दोन्ही बाजूंना रचली, कापलेली पिवळी तोंडं पुढे. पाहुणे त्यांचा वेगळा फोटो काढत. घराच्या मागे मांगरात पावसाची बेगमी म्हणून रचलेली लाकडं होतीच. त्यांचा फोटो कुणी काढला नाही, आणि यंदा भाईच्या गडबडीत त्या मांगराचं शाकारणं राहिलं.

पाऊस लागला तशी वीज जायला लागली. गिझर बंद. मांगरातली लाकडं भिजून गार. खोलीत पुण्याचं जोडपं, समुद्रावर भिजून आलेलं, कुडकुडत बसलेलं. तरी अर्ध्या तासात न्हाणीत तांब्याचा हंडा कढत होता. असं तीन-चार वेळा झालं. भाईला गरम पाण्याचं कौतुक वाटायचं, पण कोडं उलगडायचं नाही. एक दिवस त्याने पोटाकडे बघितलं तर उजवीकडची रास गुडघ्याएवढी राहिली होती आणि डावीकडे नुसती भिंत.

"आई, शोची लाकडां खय गेली?"

"न्हाणयेत," काकी म्हणाली. "बरी सुकी होती. तेल लायलला, भराभर पेटली."

भाई चिडायच्या बेतात होता, एवढ्यात पुण्याची बाई केस पुसत बाहेर आली. असं पाणी आयुष्यात कधी अंगावर घेतलं नव्हतं म्हणाली, त्याला काय सुंदर धुराचा वास होता म्हणाली, आणि उद्याही मिळेल का असं विचारलं. भाईचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी दाराशी नवी पाटी लागली. ‘चुलीवर तापवलेल्या पाण्याची आंघोळ. शंभर रुपये जादा.’ फणसाच्या ओंडक्यांची दुसरी खेप सुताराला सांगितली, या वेळी रंधा न मारता.

काकीने पाटी वाचून घेतली. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि भाईला हाक मारली.

"शंभरातले माझे कितके?"